न बसलेला चटका

चांगल्या चांगल्या शपथा आधीच उचलल्या गेल्या होत्या, म्हणून आमच्या ह्यांच्या वाट्याला चपलेची आली.

झालं असं, की मंत्र्यांच्या यादीत आमच्या साहेबांचं नाव आलं नाही. संध्याकाळी नेकनूरच्या चौकात कार्यकर्ते जमले. दुःख एवढं मोठं, की टपरीवाल्याला दूध परत मागवावं लागलं. चहा झाल्यावर एकेकाला शपथ सुचायला लागली. बजरंगने दाढीची घेतली. साहेब मंत्री होईपर्यंत वस्तरा लावणार नाही. त्याला तसाही दाढीचा कंटाळा. प्रविणने फेट्याची घेतली. त्याला फेटा बांधायला कुणी टपून बसलं होतं, अशी बातमी काही आमच्यापर्यंत आली नव्हती. रामेश्वरने चहा सोडला आणि त्याच टपरीवर कॉफी धरली. मग शपथांचं शूटिंग करणारा मोबाइल वळला आमच्या राधाकिशन भाऊंकडे. आता काहीतरी बोलणं भाग होतं. त्यांनी लाजून खाली बघितलं, आणि खाली नेमकी चप्पल दिसली.

"जोवर आमचे साहेब मंत्री होत न्हाईत, तोवर ह्यो राधाकिशन पायात चप्पल घालणार न्हाई."

चप्पल तिथंच सोडून अनवाणी घरी आले. दुसऱ्या दिवशी मी ती आणायला गेले, तर टपरीवाल्याचा भाऊ घालून हिंडत होता. मला बघून त्याने काढून, धुवून परत दिली. त्याला बिचाऱ्याला कुठली शपथ नव्हती.

आता ह्यांना सहा वर्षांपासून साखर आहे. हे वाक्य आमच्या घरात मोठ्याने बोलायचं नाही. कुणी विचारलं तर हे म्हणतात, "साखर न्हाई, जरा वाढल्याली हाय." म्हणजे नदीला पूर नाही, जरा पाणी वाढलंय, तसं. गोळ्या घेतात, पण सोयीने. घरात चहात साखर घेत नाहीत, त्याचा गावभर डंका. बाहेर वाढदिवस, बारसं, निवड, फेरनिवड, अभिनंदन, फेरअभिनंदन, प्रत्येक ठिकाणी पेढा. मी बोलले की म्हणणार, "त्यांनी तोंडात भरवला. थुकू व्हय?"

आणि तपासणी. तपासणीला ते निवडणुकीसारखे उभे राहायचे. तारीख ठरली की दोन दिवस आधी भात बंद, आंबा बंद, सकाळी कारल्याचा रस, संध्याकाळी शेताला फेरी. आकडा बरा आला की कागद शर्टाच्या खिशातून अर्धा बाहेर दिसेल असा ठेवून परतताना स्टँडवर जिलेबी. आदल्या दिवशी धावपळ केली की निवडून येता येतं, हा तीस वर्षांचा अनुभव. तोच त्यांनी रक्तावर लावला.

डॉक्टर अदिबाने ते पकडलं. अदिबा म्हणजे मकसूदभाईंची लेक. मकसूदभाई ट्रॅक्टर-जीपचे मेकॅनिक. गॅरेज स्टँडच्या रस्त्यावर, आणि ह्यांचे शाळेपासूनचे दोस्त. लेक शिकून बीडला दवाखान्यात बसते. आमच्या अंगणात खेळलेली पोर, त्यामुळे हे तिच्याकडे आनंदाने जातात आणि तिचं काही ऐकत नाहीत.

तिने वेगळीच तपासणी लिहून दिली. कागद आल्यावर म्हणाली, "काका, हा आकडा दोन दिवसांचा नसतो. मागच्या तीन महिन्यांत रक्तात साखर कशी होती, ते सगळं यात उतरतं. सातच्या आसपास पाहिजे. तुमचा दहाच्या वर आहे."

ह्यांनी कागदाची घडी करून खिशात खोल घातली. मग खुर्ची पुढे ओढून, आवाज बारीक करून म्हणाले, "बेटा, त्या लॅबवाल्याशी कुणी बोलायला पायजे का?"

मी खिडकीबाहेर बघितलं. अदिबा म्हणाली, "काका, पाय वर घ्या."

तिने एक जाडसर नायलॉनचा दोरा काढला. ह्यांना डोळे मिटायला सांगितले. दोऱ्याचं टोक तळपायाला टेकवलं की 'लागलं' म्हणायचं, एवढंच काम. हे परीक्षेला बसल्यासारखे ताठ झाले. तिने अंगठ्याखाली दोरा टेकवला. हे गप्प. करंगळीखाली टेकवला. गप्प. एवढा वेळ झाला म्हणजे आता टेकवलाच असेल, असं धरून हे म्हणाले, "लागलं." दोरा तेव्हा हवेत होता. "लागलं," हे परत म्हणाले. अदिबाने दोरा टेबलावर ठेवून दिला आणि हात मांडीवर घेऊन बसली. "लागलं. हे बी लागलं."

"झालं, काका. डोळे उघडा."

"पास न्हवं?"

"काका, साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा मरतात. तुमच्या तळव्याला काही कळत नाही. खिळा लागला, काच लागली, भाजलं, तरी कळणार नाही. आणि जखम झाली तर भरायची नाही. चप्पल घाला. आजच घाला. घरातसुद्धा."

"घालतो की," हे म्हणाले. "साहेबांचा शपथविधी झाला, की पयली तुझ्या म्होरं घालतो."

मी ह्यांची टिंगल करते खरी, पण ते हट्टाला का पेटले ते मला ठाऊक होतं. तीस वर्षं सभेच्या सतरंज्या ह्यांनी टाकल्या आणि उचलल्या. आभार मानायची वेळ आली की नाव राहून जायचं. मग वक्ता म्हणायचा, 'आणि इतर.' ते इतर म्हणजे हे. चपलेनंतर मात्र सगळं फिरलं. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर साहेबांचा चेहरा आणि खाली, ह्यांच्या चेहऱ्यापेक्षा मोठे, ह्यांचे दोन अनवाणी पाय. तलवाड्यापासून युसूफ वडगावपर्यंत कुठंही सभा असो, ह्यांना स्टेजवर खुर्ची. निवेदक म्हणायचा, "तापलेल्या डांबरावर ज्यांची पावलं कधी डगमगली नाहीत, ते आपले राधाकिशन भाऊ." माणसं पाया पडायची. पन्नाशी उलटल्यावर माणसाला पहिल्यांदा नावाने हाक मारली गेली, तर तो चप्पल कशी घालेल?

मग मेच्या सुरुवातीला एका सकाळी मी ओसरीची फरशी पुसून बादली रिकामी करून आले, तर फरशीवर लाल ठिपके. एका पावलाआड एक, दारापासून देव्हाऱ्यापर्यंत. हे देव्हाऱ्यासमोर हात जोडून उभे. डाव्या पायाच्या करंगळीखाली खिळा. फ्लेक्सच्या लाकडी चौकटीला ठोकतात तसला. वाऱ्याने फ्लेक्स पडला होता, तो हे पहाटे सरळ करायला गेलते. म्हणजे स्वतःच्याच पायाच्या फोटोने ह्यांच्या पायात खिळा घातला. चौकापासून घरापर्यंत त्याच्यावर चालत आले होते.

"अहो, पायात खिळा हाय."

"कुठं?" ह्यांनी उजवा पाय उचलून बघितला.

मी खिळा काढला. माझ्या अंगावर काटा आला. ह्यांच्या चेहऱ्यावर मात्र हळूहळू तेज चढायला लागलं. "जरा बी दुखलं न्हाई," हे म्हणाले. "बघितली का शपथेची ताकद?"

त्या आठवड्यात दोन सभांत तो खिळा स्टेजवर दाखवला गेला.

अदिबाने जखम धुतली, पायाचा एक्स-रे काढायला लावला, गोळ्या बदलल्या, इन्सुलिन सुरू केलं. ती ह्यांच्याशी बोललीच नाही. माझ्याशी बोलली. "काकू, आत पू आहे. हा पाय जमिनीला टेकवायचा नाही. टेकवला तर करंगळी काढावी लागेल. पुढे सरकलं तर पाऊल."

मला रडू आलं नाही, राग आला. घरी येऊन पातळ बदललं आणि बसने परत बीडला गेले, थेट साहेबांच्या बंगल्यावर.

साहेब व्हरांड्यात जेवायला बसले होते. ज्वारीची अर्धी भाकरी, मेथीची भाजी, काकडी. दंडाला बटणाएवढी एक चकती चिकटवलेली. मध्येच फोन उचलून बघत होते. साखर बघायचं यंत्र आहे, हे त्यांनीच सांगितलं. आणि पायात? पायात काळ्या, मऊ, बोटं झाकतील अशा चपला. घरात. जेवताना.

"साहेब, मी राधाकिशनची मंडळी. नेकनूरची."

"कोण राधाकिशन?" साहेबांनी त्यांच्या पीएकडे बघितलं. पीए अमरसिंह. पोरगा कडक इस्त्रीतला.

"ते बिनाचपलेचे, साहेब. फ्लेक्सवाले."

"अच्छा, अच्छा. अजून घालत न्हाईत का?" साहेबांना खरंच नवल वाटलं.

मी सगळं सांगितलं. साखर, खिळा, करंगळी. साहेबांनी भाकरी खाली ठेवली. माणूस वाईट नाही. "ताई, साखर लई बेकार. पायाला जपायला सांगा त्यांना. मला तर डॉक्टर संडासात बी अनवाणी जाऊ देत न्हाईत."

"मग तुमीच सांगा, साहेब. माझं ऐकत न्हाईत, डॉक्टरचं ऐकत न्हाईत."

अमरसिंह खाली वाकून म्हणाला, "साहेब, महिनाअखेर मेळावा आहे. तोवर तसंच अनवाणी राहिलं असतं तर…"

साहेबांनी थोडा वेळ मेथीकडे बघितलं. मग उठले आणि दारामागून जुना एक जोड काढून दिला. तसलाच, काळा, मऊ. "हे न्या. म्हणावं, साहेबांनी घालायला सांगितल्यात."

बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन मी तासभर हसत बसले होते. जिंकले होते ना.

घरी ह्यांनी पिशवी उघडली. "कुणाच्या?" "साहेबांच्या. पायातल्या. घाला म्हणाल्यात." ह्यांचे डोळे भरून आले. दोन्ही हातांनी चपला कपाळाला लावल्या, लंगडत देव्हाऱ्याकडे गेले, पाट मांडला, त्यावर चपला ठेवल्या आणि हळदकुंकू वाहिलं.

"अहो, घालायला दिल्यात."

"साहेबांच्या पायातलं मी माझ्या पायात घालू?" हे म्हणाले. "माणसानं थोडी तरी लायकी वळखावी."

रात्र पडायच्या आत कार्यकर्ते दर्शनाला आले. उंबऱ्याबाहेर चपलांचा हा ढीग. फुगलेल्या पायावर उभा राहून माझा नवरा आतल्या चपलेची हकीकत सांगत होता आणि बाहेर एवढ्या चपला मोकळ्या पडल्या होत्या.

मकसूदभाई आले ते देव्हाऱ्यासमोर उभे राहून बघतच राहिले. मग ह्यांच्याशेजारी बसले.

"बे राधाकिशन, माझ्या गॅरेजात मागं एक जीप आलती. डायवर म्हणला, भाई, गाडी लई थंड चालती, घाटात बी काटा वर जात न्हाई. मी बघितलं तर काटाच मोडल्याला. इंजिन आतून जळून गेलतं."

"मग?"

"मग काय मग? तुझं तसंच हाय."

"आमी काय जीप हाव का?" हे म्हणाले आणि सगळे हसले. मकसूदभाई हसले नाहीत. जाताना मला म्हणाले, "वैनी, अदिबा आज जेवली न्हाई. पाऊल जाईल म्हणती." आणि आपली चप्पल ढिगातून शोधत बसले.

दोन दिवसांनी बजरंग आला. दाढी छातीपर्यंत. सोबत प्रविण, रामेश्वर आणि पाच-सात जण. मेळाव्याआधी चौकातून स्टँडपर्यंत अनवाणी पदयात्रा, भर दुपारी, पुढे राधाकिशन भाऊ, असा बेत. प्रविणचा मोबाइल चालूच होता, ह्यांचं दोन शब्दांचं मनोगत घ्यायला. हे खुर्चीवर, पाय दुसऱ्या खुर्चीवर, पट्टीत. तरी म्हणतात, "येतो की."

मी चहाचा ट्रे घेऊन मोबाइलच्या समोरच उभी राहिले.

"बजरंग भाऊजी, डॉक्टरनं ह्यांना पाय टेकवू नका म्हणलंय. आन् शपथ तर मोडायची न्हाई. मग तुमीच चाला की ह्यांच्या वतीनं."

"मी?" बजरंग म्हणाला.

"मग कोण? भाऊंसाठी जीव देतो म्हणता प्रत्येक सभेत. जीव नको. तळपाय द्या, एका दुपारपुरते."

बजरंगने मोबाइलकडे बघितलं. मोबाइलने बजरंगकडे. रामेश्वर घाईघाईने म्हणाला, "वैनीचं बराबर हाय." आपलं नाव निघालं नाही याचा आनंद त्याला लपवता येत नव्हता.

पदयात्रेच्या दुपारी मकसूदभाईंनी ह्यांना जीपमध्ये घालून गॅरेजसमोर आणून बसवलं. पत्र्याच्या सावलीत खुर्ची, डावा पाय स्टुलावर. उजव्या पायात मी बळेच मोजा चढवला होता, तो ह्यांनी काढून खिशात घातला. समोर डांबर असं तापलेलं, की दूरचं स्टँड पाण्यात उभं असल्यासारखं हलत होतं.

बजरंग निघाला. पहिली काही पावलं झकास. हात वर, घोषणा, मागे मंडळी बूट-चपला घालून. मग घोषणा आखडली. मग हात खाली आला. मग तो टाचांवर चालायला लागला, मग चवड्यांवर, मग रस्त्याच्या पांढऱ्या पट्ट्यावर एका रेषेत, दोरीवरून चालणाऱ्या डोंबाऱ्यासारखा. केळीच्या गाड्याच्या सावलीत क्षणभर टेकला, तर गाडेवाल्याने नेमका तेव्हाच गाडा पुढे ढकलला. तिथून जो उड्या मारत सुटला, तो थेट गॅरेजात. ट्यूबचं पंक्चर बघायला पाण्याचं घमेलं ठेवलेलं असतं, त्यात दोन्ही पाय घालून "आई गं" म्हणून बसला. दाढीतून घाम गळत होता.

"बे, ट्यूबचं पाणी हाय ते," मकसूदभाई म्हणाले. "बुडबुडे आले तर सांग."

सगळा रस्ता हसला. मी पदर तोंडावर धरला. प्रविणचा मोबाइल हलत होता हसण्याने. हसले नाहीत ते फक्त आमचे हे.

"बजरंग," हे म्हणाले. "एवढं भाजतं व्हय?"

"भाऊ, तवा हाय, तवा. तुमी कसं चाललात एवढे दिवस? म्हणून तर तुमी भाऊ हाव."

हे खुर्चीतून हळूहळू पुढे वाकले, उन्हात हात घातला आणि तळवा डांबरावर टेकवला. झटका बसल्यासारखा मागे घेतला. तळव्याकडे बघितलं. मग उजवा पाय, चांगला पाय, उचलून नेमका त्याच जागी ठेवला.

ठेवला तो ठेवलाच. आम्ही बघत होतो. मला वाटलं आता उचलतील. त्यांनी उचलला नाही. चेहऱ्यावर काहीच हललं नाही. एखाद्याने बंद घराचं दार वाजवून वाट बघावी, तसे ते पायाकडे वाकून बघत होते.

शेवटी मीच खाली बसून दोन्ही हातांनी तो पाय उचलला आणि सावलीत घेतला. तळवा गरम लागत होता, मला.

"अगं," हे म्हणाले, एवढ्या हळू की फक्त मला ऐकू आलं, "हाताला लागतंय."

मकसूदभाई जीपची गोष्ट बोलले नाहीत. त्यांनी जीप सुरू केली.

अदिबासमोर ह्यांनी आपणहून पाय वर घेतले. "बेटा, तो दोरा काढ," म्हणाले, आणि डोळे मिटले. या वेळी मी खिडकीबाहेर बघितलं नाही. तिने अंगठ्याखाली दोरा टेकवला. हे थांबले. मग म्हणाले, "न्हाई." करंगळीखाली. "न्हाई." चवडा, टाच, मधली खोलगट जागा. "न्हाई. न्हाई. न्हाई." मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे जात होतं. दोरा घोट्याच्या वर गेला तेव्हा हे अडखळले. "हितं… हितं लागलं." खरंच टेकवला होता.

"शाब्बास, काका," अदिबा म्हणाली. "आज पास."

पुढचा महिना पाय उशीवर आणि हे खाटेवर. मेळाव्याला अमरसिंहचा फोन आला, अनवाणी पायांचा एक फोटो तरी पाठवा म्हणून. ह्यांनी पट्टी बांधलेल्या पायाचा पाठवला. परत फोन आला नाही. दर्शनाची गर्दी आटली. बजरंग मात्र यायचा, तळव्याचे फोड दाखवायला. ह्यांना ते फोड बघायला फार आवडायचे. हात लावून विचारायचे, "दुखतं?" तो "लई" म्हणाला, की कौतुकाने मान हलवायचे.

देव्हाऱ्यातल्या चपला ह्यांनी स्वतः उचलल्या. कुंकू पुसलं, पायात घालून बघितल्या, तर दोन बोटं मोठ्या. बीडहून मापाच्या नव्या आणल्या. करंगळी राहिली. नख गेलं, पण नखावर कोण बोलतंय. फ्लेक्स मी कडब्याच्या गंजीवर टाकला. साहेबांचा चेहरा खालच्या बाजूला आला आणि ह्यांचे पाय वर, ते आता उन्हापावसात खुशाल अनवाणी असतात. साहेब काही मंत्री झाले नाहीत. बजरंगच्या दाढीत हल्ली शेंगदाण्याची टरफलं सापडतात.

रोज दिवे लागले की हे ओसरीवर बसतात आणि पाय माझ्या मांडीवर देतात. त्यांना कळत नाही म्हणून मी बघते. बोटांच्या बेचक्यात, टाचेच्या भेगांत. "काय हाय का?" विचारतात. "काय न्हाई," म्हणते. तीस वर्षांत आम्ही एवढं निवांत कधी बसलो नव्हतो.

तीन महिन्यांनी आकडा साडेसातवर आला. कारल्याचा रस नाही, आदल्या दिवशीची धावपळ नाही. कागद हातात धरून हे म्हणाले, "आलो बघ निवडून."

"आलात," मी म्हणाले. "तीन महिन्यांनी परत मतदान हाय. पेढा ठिवा तो खाली."